दोन वशिंडांचा उंट

उंटाच्या वशिंडांत पाणी सांठविलेलें असतें, असा समज चांगल्या शिकलेल्या लोकांतही आढळतो. तो निराधार आहे. वशिंडांत असते ती चरबी. तथापि पाण्याच्या बाबतींत ह्या जनावराचा जमाखर्च इतका चोख आहे कीं, गुरें राखणारानें तो एकदां नजरेखालून घालावा.

एका वशिंडाचा उंट अरबस्तानाकडील व राजस्थानांतील. दोन वशिंडांचा मध्य आशियांतील. बॅक्ट्रिया, म्हणजे आपल्या ग्रंथांतील बाल्हीक देश, यावरून त्यास युरोपियनांनीं नांव दिलें. परंतु आज तो मुख्यत्वें मंगोलिया व चीन येथें पाळला जातो. आपल्या देशांत तो लडाखच्या नुब्रा खोऱ्यांत हुंदर गांवाजवळ दिसतो. यारकंदकडून येणाऱ्या तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज आले. १९५० च्या सुमारास ती वाट बंद पडली व जनावरें मागें राहिलीं.

गोबीच्या वाळवंटांत उन्हाळ्यांत उष्णमान ४० अंशांपर्यंत चढतें व हिवाळ्यांत शून्याखालीं ४० पर्यंत उतरतें. म्हणून अंगावर दाट लोकर. ती वसंतांत झुबक्यांनीं गळते व मालकाच्या उपयोगी पडते. लांब पापण्या, मिटतां येणाऱ्या नाकपुड्या, रुंद पाय यांविषयीं विस्तार नको.

मुख्य गोष्ट पाण्याची. भर उन्हांत अंगांतील पाणी वजनाच्या अष्टमांशाइतकें आटलें कीं बहुतेक जनावरांचें रक्त दाट होऊन तीं दगावतात. उंट चतुर्थांश तूट सोसतो, कारण ती तूट तो रक्तावर फारशी पडूं देत नाहीं. मूत्र अतिशय दाट, लेंड्या कोरड्या. श्मिट-नील्सन यांनीं १९५३-५४ सालीं अल्जीरियांत एका वशिंडाच्या उंटांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तहानलेला उंट दिवसां अंगाची उष्णता सुमारें ६ अंश वाढूं देतो, घाम वांचवितो, आणि ती उष्णता रात्रीच्या गारव्यांत सोडून देतो. पुढें पाणी भेटलें म्हणजे शंभर लिटरही दहा-पंधरा मिनिटांत पितो. एवढें पाणी एकदम पोटांत गेलें तरी त्याच्या रक्तांतील अंडाकृति तांबड्या पेशी फुगतात, फुटत नाहींत.

चरबी जळतांना पाणी उत्पन्न होतें हें खरें. पण त्यासाठीं जो जादा श्वास घ्यावा लागतो त्यांत जवळजवळ तितकेंच बाहेर जातें. सारांश, वशिंड ही कडब्याची गंजी आहे, विहीर नव्हे. चरबी सर्वांगावर न पसरतां पाठीवर एकवटल्यामुळें बाकीच्या अंगांतून उष्णता सहज निघते. उपासमार झाली कीं वशिंडें ढिलीं पडून एका अंगास लवंडतात. जाणता मालक त्यावरूनच जनावराची स्थिति ओळखतो. मादी सुमारें तेरा महिने गाभण राहते व बहुधा दोन वर्षांनीं एक पिल्लूं देते. त्यामुळें एका कडक हिवाळ्यांतील नुकसान भरून येण्यास पुष्कळ वर्षें लागतात.

गोबींतील रानटी उंट ही निराळीच जात आहे. तो समुद्रापेक्षां खारें पाणीही पितो. चीननें १९६४ ते १९९६ पर्यंत लोप नोरच्या प्रदेशांत अणुबाँब फोडले, तेथेंही तो टिकला. आतां हजाराच्या आसपासच उरले आहेत. मंगोलियानें १९७५ सालीं त्यांच्यासाठीं मोठें राखीव क्षेत्र नेमलें. तथापि लांडगे व खाणी यांबरोबरच पाळीव कळपांशीं होणाऱ्या संकराची भीति तेथील लोकांस आहे, कारण एकदां रक्त मिसळलें कीं मूळ जात वेगळी काढतां येत नाहीं.