हवेवर स्वार!

दोस्तांनो, एक कोडं घालतो. वजनाला किलोभरही भरत नाही. घडी केली तर दप्तरात मावते. आणि फुगवली की मोठ्या माणसाला पोटावर झोपवून समुद्राच्या लाटेवरून भरधाव सुटते! ओळखा पाहू?

ही आहे लाटेवर स्वार होण्याची हवेची गादी. तिला ‘सर्फ मॅट’ म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या किनाऱ्यांवर काही कारागीर आजही ती घरच्या घरी, हातानं बनवतात.

संगमनेरची मुलं म्हणतील, “आमच्याकडे कुठला आलाय समुद्र?” खरंय. मध्ये आख्खा सह्याद्री उभा! पण म्हाळुंगी जिथं प्रवरेला मिळते, त्या आपल्या गावात ट्रकची किंवा ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब पाण्यात पडलेली कुणी पाहिली नाही? ही ट्यूब त्या गादीची बहीणच. दोघींचं काम एकच, हवेनं माणसाला पाण्यावर धरायचं.

ट्यूब येण्याआधी काय होतं, ते आजी-आजोबांना विचारा. वाळवलेले पोकळ दुधी भोपळे, पांगाऱ्याचं हलकं लाकूड, नाहीतर तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा कमरेला बांधून मुलं विहिरीत पोहायला शिकत. असे दोन भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधले, की ती झाली ‘सांगड’. दोन गोष्टींची सांगड घालणं हा शब्दप्रयोग तुम्ही निबंधात लिहिता ना? तो असा पाण्यातून वर आलाय, बरं का!

इतिहासातही हवेनं मोठी कामं केली आहेत. इ. स. १५३९ मध्ये चौसा इथं शेरखानानं हुमायूनचा पराभव केला. पळताना बादशहा गंगेत बुडू लागला. तेव्हा निजाम नावाच्या भिश्त्यानं त्याला फुगवलेल्या मशकीच्या आधारानं पैलतीरी नेलं. बादशहानं बक्षीस काय द्यावं? भिश्त्याला थोडा काळ चक्क तख्तावर बसवलं! त्याहून जुना पुरावा दगडात कोरलेला आहे. सुमारे २९०० वर्षांपूर्वीच्या असिरियाच्या एका शिल्पात शिपाई फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पार करताहेत. कातडीचं तोंड त्यांनी स्वतःच्या तोंडात धरलंय. हे शिल्प लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पुढे रबर आलं. १८८८ मध्ये डनलॉप यांनी सायकलसाठी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. १९३० च्या दशकात सिडनीच्या अर्नेस्ट स्मिदर्स यांनी लाटेवर स्वार होण्यासाठी रबरी गादी बनवली. तिचं नाव ‘सर्फोप्लेन’. तिथल्या चौपाट्यांवर ती भाड्यानं मिळू लागली, जशी आपल्याकडे सायकल भाड्यानं मिळायची तशी! कितीतरी मुलांनी आपली पहिली लाट तिच्यावरच पकडली.

आता खरी गंमत ऐका. तुम्हाला गादी फुगवायला दिली तर काय कराल? टम्म फुगवाल! पण जॉर्ज ग्रीनो नावाच्या अवलियानं उलटंच केलं. हा मूळचा कॅलिफोर्नियाचा. पाठीवर कॅमेरा बांधून लाटेच्या पोटातून चित्रण करणारा म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्यानं गादीतली हवा बरीच कमी केली, इतकी की गादी मधोमध दुमडावी! टम्म गादी लाटेवर चेंडूसारखी उसळते आणि स्वाराला भिरकावून देते. हवा कमी असली, की गादी लाटेच्या अंगाबरोबर वाकते, तिला बिलगून पळते. स्वार पुढचा कोपरा मुठीत दाबतो, आतली हवा मागं सरकते, तिथं गादी कडक होते. मूठ सैल केली, की पुन्हा मऊ. म्हणजे घोड्याचा लगामच जणू! पायात रबरी वल्हे घालायचे, पाय मारून वेग घ्यायचा आणि बाकीचं काम हातांनी. हवा कमी झाली, की स्वाराचं काम वाढतं आणि ताबाही त्याच्याकडे येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाताने गादी बनवतात कशी? आतून लेप दिलेलं पातळ नायलॉनचं कापड घेतात. दोन तुकडे एकावर एक ठेवून कडा उष्णतेनं चिकटवतात. पण एवढंच केलं तर गादीचा होईल तक्क्या! मध्ये फुगलेला, पाण्यात गडगडणारा. म्हणून आतून लांबीच्या दिशेनं पट्ट्या जोडतात. त्यामुळे चार-पाच लांब नळ्या शेजारी शेजारी तयार होतात आणि गादी सपाट राहते. नळ्यांच्या टोकाला वाट मोकळी ठेवतात, म्हणजे हवा इकडून तिकडे जाते. शेवटी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघतात. पंक्चरवाले काका ट्यूब घमेल्यात बुडवून हेच तर बघतात!

करून पाहा. दुधाची पिशवी एक कोपरा कापून स्वच्छ धुवा आणि वाळवा. कोपऱ्यात बॉलपेनची रिकामी नळी घालून दोऱ्यानं घट्ट बांधा. फुंकून पिशवी फुगवा आणि बादलीत सोडा. वर खडा ठेवला तर ती गडगडते. आता हवा काढा. पिशवी वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये ठेवा. आई-बाबांकडून कोमट इस्त्रीच्या कडेनं दोन उभ्या रेघा दाबून घ्या. रेघेच्या दोन्ही टोकांना दोन बोटं जागा सोडा. पुन्हा फुगवा. झाली की नाही छोटी गादी? आता तोच खडा नीट बसतो का पाहा. मग थोडी हवा सोडा आणि खडा कसा आत रुतून बसतो ते बघा. इस्त्री मात्र मोठ्यांनीच हातात घ्यायची.

आता एक हिशेब. माणसाचं शरीर पाण्याइतकंच जड असतं, जवळजवळ. म्हणून पाण्यात बुडालेला भाग पाणीच उचलून धरतं. प्रश्न उरतो फक्त वर राहणाऱ्या डोक्याचा. ते चार-पाच किलोचं. एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते, म्हणजे चार-पाच लिटर पुरे! दोन मोठे भोपळे पुरायचे ते म्हणूनच. मग शेकड्यानं लिटर हवा असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसलेली मुलं का बुडतात? कारण ट्यूब अंगाला बांधलेली नसते. ती ओली असते, निसटते. निसटली की वारा आणि धार तिला हातभर, मग वावभर लांब नेतात. पोहता न येणाऱ्याला तेवढं अंतर पुष्कळ झालं. आणि ती टम्म गोल ट्यूब पटकन उलटते, हे तुम्ही मघाशी बादलीत पाहिलंच आहे.

प्रवरेची आणखी एक खोड आहे. इथं पाऊस नसला तरी वरच्या धरणातून आवर्तन सुटलं, की पाणी वाढतं. कालचा गुडघाभर उतार आज गळ्याशी येतो. वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत. बंधाऱ्याखालचं पाणी तर माणसाला गोल फिरवून आत ओढतं. तिथं ट्यूब नाही, पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

पालकांनो, म्हणून ट्यूब देऊन मुलाला नदीवर पाठवू नका, आधी पोहायला शिकवा. जुने लोक शिकवायचे तसंच शिकवा. आधी दोन भोपळे, हात-पाय बसले की एक, आणि एक दिवस एकही नाही! ग्रीनोनं गादीतली हवा कमी केली, आजोबांनी कमरेचे भोपळे कमी केले. युक्ती दोघांची एकच.

आणि कुणी बुडताना दिसलंच, तर मुलांनो, उडी मारू नका. मोठ्यानं ओरडा, ११२ ला फोन करायला सांगा, दोर फेका, साडी फेका. आणि ट्यूब? दोर बांधून तीही फेका. अशा वेळी मात्र ती टम्म फुगलेलीच हवी!