रुखवतातली चौकट

सकाळी 7. भाचीच्या लग्नाचं रुखवत आता तोंडावर आलंय. ताईला त्यात 'उठून दिसणारं' काहीतरी हवंय. पण रुखवत दोन-चार तास मांडतात आणि बांधून टाकतात. दागिने अडकवायची ही चौकट मात्र पोरीला रोज ऑफिसला निघताना, एका हाताने डबा भरता भरता वापरायची आहे. त्यामुळे आधी दागिन्यांचं माप. सोन्याचं लॉकरमध्येच जाणार, ते यादीतून बाद. उरलं ते ठुशी, तन्मणी, नथ, कुड्या, चांदीचे झुमके, पॉलिशची मोहनमाळ आणि बांगड्या. मोहनमाळ खुंटीला टांगून पाहिली, 14 इंच खाली येते. म्हणजे चौकट 18 इंच उंच हवीच.

8.30. बुधवारच्या जुन्या बाजारात मिळालेली सागवानी फोटोफ्रेम खोलली. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, शेवटी 220. काळपट थर निघाल्यावर सागाचा मधाळ रंग वर आला. दोन कोपरे खिळखिळे होते. त्यांत फेव्हिकॉल भरला, गुण्या लावून काटकोन तपासला आणि वर वरवंटा ठेवला. तासभर तिकडे बघायचंसुद्धा नाही.

11. बोहरी आळी. पितळी हूक, सागाची पट्टी, 6 मिलिमीटरचा प्लायवूड, चपडा लाख. बांगड्यांच्या दांड्यासाठी पीव्हीसी पाइप. पोरीचं माप दोन-चार, म्हणजे आतून सव्वादोन इंच, साधारण 57 मिलिमीटर. दुकानदार 63 चा पाइप काढत होता. त्यावर बांगडी चढणारच नाही, 50 चाच हवा. त्याने रबरी फोमही पुढे केला, तोही परत. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. गादीला घरचा कापूस आहे.

दुपारी 1.30. जेवण उरकलं आणि खण ताणायला बसले. इथे घाई चालत नाही. खणाची नक्षी रेघेत असते, कापड एक सूत तिरकं गेलं तरी लगेच डोळ्यांत भरतं. प्लायवर आधी चारही बाजूंचे मध्य पकडायचे, मग एकेक स्टेपल मारत कोपऱ्यांकडे सरकायचं. पुढून फेव्हिकॉलचा थेंबही नको, पातळ कापडातून तो वर येतो आणि डाग कायमचा राहतो.

3. हूक. प्लाय पातळ, त्यात हूक घातला तर टोक मागून बाहेर येईल. म्हणून वर सागाची पट्टी. टोच्याने भोक पाडल्याशिवाय हूक फिरवला तर साग उभा चिरतो. ठुशीला मात्र हूक दिलाच नाही. एकाच जागी लटकली की मणी तिथेच वाकतात आणि दोरा झिजतो. तिच्यासाठी गळ्याच्या गोलाईची कापसाची गादी केली, खणातच गुंडाळलेली. कुड्या-झुमक्यांना लोकरीच्या भरतकामाची प्लॅस्टिक जाळी. डासांच्या जाळीतून कुडीचा दांडा जात नाही. आणि खाली पितळेची छोटी वाटी, फक्त फिरक्यांसाठी. घरोघरी कुड्या जागेवर असतात, फिरक्या कपाटाखाली.

5. लाकडाला स्पिरिटमधल्या लाखेचा हात. ऑइलपेंटचा वास कित्येक दिवस जात नाही, हा संध्याकाळपर्यंत उडतो. तरी तन्मणी आजच अडकवणार नाही. मोती नाजूक जात, त्याला ना अत्तर मानवतं ना स्पिरिट.

7.30. मोहनमाळ टांगून पट्टीला दोन हिसके दिले. हलली नाही. ताईला फोटो पाठवला, लगेच तिचा फोन.

"अगं, छान झालंय, पण साधं वाटतंय. खाली टिकल्यांचा मोर लाव ना!"

"खाली जागाच नाही गं ताई. तिथे वाटी आहे."

"कसली वाटी?"

"फिरक्यांची."

ताई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मलाही एक कर की अशी."