डब्यावरची प्रथिने आणि डब्यातली प्रथिने

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की खाली हिरवट-पिवळे पाणी गळते. ही निवळी, म्हणजेच इंग्रजीतले 'व्हे'. गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असते. चीज करताना उरणारी निवळी गाळून, वाळवून केलेली भुकटी म्हणजे व्हे प्रोटीन. व्यायामशाळेत जाणाऱ्या अनेक मुलांच्या घरी आज तिचा डबा असतो आणि महिन्याच्या खर्चात तो किराण्याच्या यादीशी स्पर्धा करतो. तो घेताना काय पाहावे?

या भुकटीचे मुख्य प्रकार तीन. 'कॉन्सन्ट्रेट'मध्ये चांगल्या दर्जाच्या मालात सुमारे ८० टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात. उरलेल्या भागात थोडी दुधातील साखर (लॅक्टोज) व स्निग्धांश. 'आयसोलेट' अधिक गाळलेले असते. त्यात प्रथिने ९० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज नगण्य. 'हायड्रोलायझेट' म्हणजे प्रथिनांचे आधीच तुकडे केलेले, सर्वांत महाग. स्नायूंच्या वाढीत या तिघांमध्ये फार मोठा फरक आढळत नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल किंवा जुलाब होत असतील, तर आयसोलेटसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. इतरांना कॉन्सन्ट्रेट पुरते. दुधाची अॅलर्जी असल्यास मात्र तिन्ही वर्ज्य. 'मास गेनर' नावाच्या डब्यांत बहुतांश पिष्टमय पदार्थच असतात.

किंमत पाहताना डब्याची नव्हे, प्रथिनांच्या ग्रॅमची पाहावी. समजा, १ किलोचा एक डबा १,८०० रुपयांना आहे आणि त्यात १०० ग्रॅममागे ६० ग्रॅम प्रथिने आहेत. एक ग्रॅम ३ रुपयांना पडला. दुसरा २,२०० रुपयांचा, पण ८० ग्रॅम प्रथिनांचा. तिथे एक ग्रॅम २ रुपये ७५ पैशांना. महाग दिसणारा डबाच स्वस्त निघाला. 'एका चमच्यात २४ ग्रॅम' या मोठ्या अक्षरांवर जाऊ नये. चमचा ३० ग्रॅमचा की ४० ग्रॅमचा, हे आधी पाहावे.

हा हिशेब लेबल खरे असेल तरच उपयोगाचा. नेहमीच्या चाचणीत प्रथिने थेट मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा आकडा काढला जातो. ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की नायट्रोजन वाढतो, आकडा फुगतो. स्नायूंना मात्र पूर्ण प्रथिन मिळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन घालून हीच युक्ती केली गेली आणि बालके दगावली. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पूरकांची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. म्हणून घटकांची यादी वाचावी. ती जितकी छोटी तितकी बरी. ग्लायसिन, टॉरिन वेगळे घातलेले असतील किंवा 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून प्रमाण लपवले असेल, तर तो डबा ठेवून द्यावा. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि शाबूत सील हवेच. परवाना म्हणजे दर्जाची हमी नव्हे, पण तोही नसलेला माल घेऊच नये. व्यायामशाळेत सुट्या पिशवीतून मिळणारी भुकटी तर अजिबात नको. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

डबा लागतोच का, हाही प्रश्न आहे. निरोगी प्रौढाला दररोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. नियमित जड व्यायाम करणाऱ्यांना किलोमागे १.४ ते २ ग्रॅमपर्यंत. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम आणि १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, उसळ, दही, शेंगदाणे रोजच्या ताटात असतील, तर बहुतेकांची गरज तिथेच भागते. भुकटी ही सोय आहे, औषध नव्हे.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला कोणतेही लक्षण दाखवत नाही. या तपासण्यांचा खर्च एका डब्याच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी आहे.