हिस्टेरिया : गर्भाशयावर आलेला आळ

परवा संध्याकाळच्या ओपीडीत एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सून बावीस-तेवीस वर्षांची, चेहरा उतरलेला. मी तिला काही विचारण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हिला हिस्टेरिया आहे. घरात जरा काही झालं की दातखीळ बसते. एक इंजेक्शन द्या, म्हणजे ताळ्यावर येईल." निदान त्यांचेच आणि उपचारही त्यांचाच. मला फक्त सुई टोचायची होती!

वाचकहो, हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की पुष्कळांना तो मराठीच वाटतो. तो मूळचा ग्रीक. 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. सुमारे २४०० वर्षांपूर्वी, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत अशी समजूत आढळते की गर्भाशय आपली जागा सोडून शरीरात हिंडते, वर सरकते, आणि मग बाईचा जीव घुसमटतो, वाचा बंद होते. उपाय काय? नाकाशी घाण वासाची वस्तू धरायची आणि खालून सुगंधी धुरी द्यायची, म्हणजे दुर्गंधीला कंटाळून गर्भाशय स्वस्थानी परत जाईल. आपल्याकडे आकडी आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, त्याची इथे आठवण होते. वयात आलेल्या मुलींना असा त्रास झाला तर त्यांचे लग्न लवकर उरकावे, असाही सल्ला त्या ग्रंथांत आहे. तो तर माझ्या दवाखान्याच्या बाकावर आजही ऐकू येतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी दोष गर्भाशयाचा नसून मेंदूचा असल्याचे मांडले. १६८२ मध्ये थॉमस सिडनहॅम यांनी हा त्रास पुरुषांनाही होतो असे लिहिले. तरीही शिक्का बायकांच्याच कपाळी राहिला. लंडनचा नामांकित सर्जन आयझॅक बेकर ब्राऊन तर हिस्टेरिया आणि फेफऱ्यावर इलाज म्हणून स्त्रियांच्या जननेंद्रियाचा भाग कापून टाकत असे. १८६७ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्याला काढून टाकले. आक्षेप असा, की शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला नीट कल्पना दिली जात नव्हती. नवऱ्याची परवानगी हा मोठा मुद्दा होता, हे लक्षात घ्यावे.

अमेरिकेत डॉ. वेअर मिचेल यांनी 'विश्रांती उपचार' काढला. आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायचे, भरपूर दूध प्यायचे, वाचन-लेखन बंद. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेला बाळंतपणानंतर नैराश्य आले, तेव्हा १८८७ मध्ये तिच्यावर हाच प्रयोग झाला. त्याने ती अधिकच खचली. पुढे १८९२ मध्ये या अनुभवावरची तिची कथा प्रसिद्ध झाली, ती आजही वाचली जाते.

त्याच सुमारास पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को भर सभेत स्त्री-रुग्णांना संमोहित करून झटके दाखवीत. शार्को मोठे मेंदूतज्ज्ञ होते आणि पुरुषांतला हिस्टेरियाही त्यांनी मान्य केला होता. पण लोकांच्या ध्यानात राहिले ते प्रेक्षकांसमोर कोसळणाऱ्या बाईचे चित्र.

१९६५ मध्ये लंडनच्या एलियट स्लेटर यांनी हा शिक्का बसलेल्या ८५ रुग्णांचा काही वर्षांनी मागोवा घेतला. कित्येकांना प्रत्यक्षात मेंदूचे वा अन्य शारीरिक आजार निघाले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीतून हा शब्द निदान म्हणून गेला. २००५ मध्ये जुने-नवे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा असे दिसले की १९५० च्या दशकात अशी शंभरातली सुमारे २९ निदाने चुकत होती. १९७० नंतर हे प्रमाण सुमारे ४ वर आले.

यादीतून गेला, पण आमच्या केसपेपरवरून जायला वेळ लागला. मी इंटर्न होतो तेव्हाची, १९९५ ची गोष्ट. रात्रपाळीला नवी नवरी आणली, झटके येत होते. सोबतचे म्हणाले, दुपारी भांडण झाले. मी अमोनियाचा बोळा हुंगवला, ती जरा शुद्धीवर आली, आणि मी कागदावर 'एच.सी.आर.' लिहून तिला घरी पाठवले. म्हणजे हिस्टेरिकल कन्व्हर्जन रिअ‍ॅक्शन. जीभ चावली होती का, लघवी झाली होती का, काही विचारले नाही. चार महिन्यांनी ती पुन्हा आली, झटक्यात चुलीवर पडून हात भाजलेला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. फेफऱ्याच्या गोळ्यांनी झटके थांबले. हाताची दोन बोटे मात्र आखडली ती कायमची.

याचा अर्थ मनाच्या ताणामुळे झटके येत नाहीत असा नाही. येतात, पुरुषांनाही येतात. त्यात सोंग नसते आणि त्यावर उपचार आहेत. फेफऱ्याच्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात आणि तो एक-दोन मिनिटांत ओसरतो. ताणाच्या झटक्यात डोळे बहुधा मिटलेले असतात आणि तो लांबतो. पण एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात, तेव्हा घरबसल्या निवाडा करू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठावे. मोबाईलवर झटक्याचे चित्रण करून आणले तर आम्हाला फार मदत होते.

त्या सासूबाईंना मी बाहेर बसवले आणि सुनेशी पंधरा मिनिटे बोललो. तिची जीभ कडेला चावलेली होती. झोपेतही झटका येतो, असे ती म्हणाली. आजवर हे तिला कोणी विचारलेच नव्हते. तिला ईईजीसाठी चिठ्ठी दिली आहे.