शहर वाढतं चौकात, नगरपंचायत नदीकाठी

महाराष्ट्रातला सगळ्यात ऐसपैस जिल्हा गडचिरोली. 2011 च्या जनगणनेत इथे एका चौरस किलोमीटरला 74 माणसं होती, तेव्हा राज्याची सरासरी होती 365. एवढ्या मोकळ्या जिल्ह्यात जागेची टंचाई असेल, असं कुणाला वाटणार नाही. पण याच जिल्ह्यातल्या अहेरीत घर बांधायला रीतसर प्लॉट शोधून बघा. बदलीवर आलेला मास्तर, तहसीलचा बाबू, आलापल्लीत दुकान टाकायला आलेला व्यापारी, सगळे एकाच प्रश्नाला येऊन अडतात: जमीन कुणाची?

ही जमीन तीन कुलपांत आहे. पहिलं कुलूप जंगलाचं. जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग वन आहे आणि 1980 च्या वनसंवर्धन कायद्यामुळे केंद्राच्या मंजुरीशिवाय त्या जमिनीचा वापर सहसा बदलता येत नाही. दुसरं कुलूप झुडपी जंगलाचं. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात गुरं चारायची खुरटी जमीन या नावाने नोंदली गेली आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो कागद जसाच्या तसा आपल्याकडे आला. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत त्या जमिनीवर शाळा, कचेऱ्या, वस्त्या उभ्या राहिल्या आणि ते जंगल की माळ हा वाद चालूच राहिला. शेवटी 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, झुडपी जंगल हे वनच.

तिसरं कुलूप सातबाऱ्यावर असतं. आदिवासी खातेदाराचा उतारा हातात घ्या आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. तिथे कलम 36 आणि 36 अ यांची नोंद दिसेल. जमीन महसूल संहितेतलं 36 अ हे कलम 1974 चं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि त्याआधी शासनाची मान्यता. माझ्या मते हे कलम शंभर टक्के योग्य आहे. ते नसतं तर अहेरीच्या रस्त्यालगत आज एकाही गोंड किंवा माडिया कुटुंबाच्या नावावर जमीन उरली नसती.

पण कायद्याने दार लावलं म्हणून गरज थांबत नाही. मग व्यवहार स्टॅम्पपेपरवर होतो. पैसे हात बदलतात, सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. नाव नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, मंजूर ले-आउट नाही आणि ले-आउट नाही म्हणून रस्त्याची, नालीची जागा कुणी सोडत नाही. उद्या उठावं लागेल अशी धास्ती ज्याला आहे, तो विटा कशाला रचेल? तो लोखंडी अँगल उभे करतो, पत्रे नट-बोल्टने कसतो आणि शटर लावतो. वेळ आलीच तर अख्खं दुकान ट्रॅक्टरवर चढतं. या भागात रस्त्याकडेला पत्र्याची रांग दिसली की आपण तिला गबाळेपणा म्हणून मोकळे होतो. मला मात्र तिची गंमत वाटते. महसूल संहितेचं एक कलम पत्र्याच्या रूपात रस्त्यावर उभं आहे, आणि ते वाचता येतं!

आता नकाशा बघू. अहेरी प्राणहितेच्या काठावर. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एक होतात आणि पुढे त्या नदीला प्राणहिता म्हणतात. पलीकडचा काठ तेलंगणाचा. अहेरी ही गोंड जमीनदारीची गादी, आत्राम राजघराण्याचं गाव. दसऱ्याला आजही आसपासच्या मुलखातून लोक इथे जमतात. पण आजचं शहर नदीकाठी वाढत नाही. ते वाढतं सहा-सात किलोमीटर अलीकडे, आलापल्लीच्या चौकात. तिथून एक वाट आष्टीकडे, एक सिरोंच्याकडे, एक एटापल्लीकडे, एक भामरागडकडे आणि एक अहेरीकडे फुटते. साकोलीहून सिरोंच्याला जाणारा 353 सी हा राष्ट्रीय महामार्गही इथूनच जातो. आलापल्ली मुळात सागवानाचं गाव. वनविभाग, लाकडाचा डेपो, आरागिरणी यांच्याभोवती वस्ती वाढली. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून सागवान गेलं, ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं.

अहेरी आणि आलापल्ली यांच्या मधोमध नागेपल्ली. तिन्ही गावं एकाच रस्त्यावर आणि एकमेकांच्या दिशेने सरकणारी. राहायचं एकीकडे, दुकान दुसरीकडे आणि कचेरीचं काम तिसरीकडे, असा इथला दिवस. व्यवहाराने बघितलं तर हे एकच शहर आहे. कागदावर मात्र नदीकाठचं टोक ‘शहर’ आणि चौकाचं टोक ‘गाव’. 2014 मध्ये राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं ठरवलं. त्या लाटेत 2015 साली अहेरीला नगरपंचायत आली, 17 नगरसेवक आले. आलापल्ली तालुक्याचं ठिकाण नाही, म्हणून ती ग्रामपंचायतच राहिली.

आणि इथेच राज्यघटनेतली एक अचंब्याची गोष्ट आहे. अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पाचव्या अनुसूचीत येतो. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायती आल्या, 74 व्या दुरुस्तीने नगरपालिका. दोन्ही 1993 मध्ये अमलात आल्या आणि दोन्हींत एक अट सारखीच होती: हा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू नाही, संसदेने वेगळा कायदा करून तो तिथे न्यावा. पंचायतींसाठी तो कायदा 1996 मध्ये झाला, तोच पेसा. त्याने ग्रामसभेला बळ दिलं: भूसंपादनाआधी तिला विचारायचं, गौण वनोपजाची मालकी तिची, गावबाजारावर आणि सावकारीवर लक्ष तिचं. नगरपालिकांसाठीचं विधेयक 2001 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झालाच नाही.

म्हणजे घटनेच्या कलम 243 झेडसीमध्ये ही जागा तेव्हापासून मोकळीच आहे. अहेरीची नगरपंचायत राज्याच्या 1965 च्या कायद्यावर चालते. गाव नगरपंचायतीत गेलं की पेसाची ग्रामसभा सुटते आणि तिच्या तोडीचं काहीच हाती येत नाही. एकाच रस्त्यावर थोडं पुढे गेलं की तेंदूपत्त्याच्या लिलावावर बोलायचा अधिकार असलेला नागरिक निव्वळ घरपट्टी भरणारा मतदार होतो. रस्ता तोच, ऊन तेच, हक्क वेगळे.

व्यवहारात शहर आणि कागदावर गाव, ही अडचण इथल्यापुरती नाही. जनगणनेच्या हिशेबात वस्तीला शहर म्हणायला 5,000 लोकसंख्या, चौरस किलोमीटरला 400 ची दाटी आणि पुरुष कामकऱ्यांपैकी 75 टक्के बिगरशेतीत असावे लागतात. या कसोटीला उतरलेली, पण नगरपालिका नसलेली ठिकाणं देशात 2001 मध्ये 1,362 होती आणि 2011 मध्ये सुमारे 3,900 झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! शहरीकरण म्हटलं की धारावी किंवा लागोस डोळ्यांपुढे येतं, पण संयुक्त राष्ट्रांचा 2018 चा अहवाल सांगतो की जगातले निम्म्याच्या आसपास शहरवासी पाच लाखांहून लहान वस्त्यांत राहतात. मेट्रो आणि उड्डाणपुलांवर वाद घालणाऱ्यांना आलापल्लीचा चौक दिसत नाही, तो डोळ्यांपुढच्या या चित्रामुळेच.

चौकाला नवा जोर लोहखनिजाने दिला. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीत 2016 मध्ये काम सुरू झालं, त्याच वर्षी नक्षलवाद्यांनी वाहनं जाळल्यावर थांबलं आणि 2021 पासून पुन्हा वेगात आलं. 2023 मध्ये वर्षाला एक कोटी टनांची पर्यावरण मंजुरी मिळाली. कागदावर गणित करा. ट्रकमागे 30 टन धरले तर वर्षाला सव्वातीन लाखांहून जास्त खेपा, दिवसाला नऊशेच्या वर, आणि तितकेच रिकामे ट्रक परत. तेवढा सगळा माल ट्रकनेच जाईल असं नाही. खनिज वाहून नेणारी हेडरी ते कोनसरी पाइपलाइन 2025 मध्ये सुरू झाली आणि मुलचेरामार्गे वेगळा खनिज मार्गही ठरला आहे. तरी आकड्याचा आवाका पाहा. ट्रक आले की पंक्चरवाला येतो, मग ढाबा, मग खोल्या, मग मोबाइलचं दुकान. ट्रक दुसऱ्या वाटेने गेले तर यातलं किती टिकेल, हे आलापल्लीच्या व्यापाऱ्याला नियोजनकारापेक्षा नीट कळतं.

वस्ती यायच्या आधी आखणी करणं या मातीला नवीन नाही. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, वसवलं. दंतकथेत सशाने उलटून त्याच्या कुत्र्याचा पाठलाग केला आणि ज्या वाटेने ते धावले तिथे कोट आखला गेला. ससा खरा-खोटा असो, कोट खरा आहे: दहा-अकरा किलोमीटरचा घेर आणि जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा हे चार दरवाजे. तो बांधला तेव्हा आत घरांपेक्षा मोकळी जमीनच जास्त होती. कोटाच्या आत शेती होती, तळं होतं. शहर नंतर हळूहळू आत भरत गेलं.

अहेरीला कोट नको, आखणी हवी. 1966 च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेची तरतूद आहेच, त्यामुळे अहेरी, नागेपल्ली आणि आलापल्ली यांचा एकत्र आराखडा करायला कुणी नवा कायदा आणायची गरज नाही. त्यात आधी दोनच गोष्टी आखाव्यात, रस्त्याची रुंदी आणि नाल्यांची वाट, कारण पक्की घरं उभी राहायच्या आत हे दोन्ही राखायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आराखडा नगरपंचायतीच्या सभागृहात आणि दोन्ही गावांच्या ग्रामसभांत, मराठीसोबत तेलुगू आणि गोंडीतही वाचून दाखवावा. आदिवासी खातेदाराने आपली जमीन न विकता दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी, भाडं त्याच्या खात्यात यावं आणि मालकी त्याचीच राहावी, अशी वाट जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली काढावी. आणि संसदेने 2001 चं ते विधेयक एकदा पुन्हा उघडून बघावं.