एक्स-रे स्वच्छ, मग धाप कशाची?

ऑक्टोबरात वाशीम, रिसोड, मालेगावच्या शिवारात सोयाबीनची मळणी सुरू झाली की दवाखान्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. दिवसभर थ्रेशरपाशी कुटाराच्या धुळीत उभे राहिलेले मजूर खोकत येतात. त्यांच्याबरोबर पन्नाशीच्या बायाही येतात. विडीला कधी हात लावलेला नसतो. पण उभा जन्म चुलीत तुराट्या-पऱ्हाट्या सारण्यात गेलेला असतो. डोक्यावर हंडा घेऊन चार पावले चालले की दम लागतो. एक्स-रे काढला जातो, तो स्वच्छ येतो, ‘काही नाही’ म्हणून टॉनिक लिहून दिले जाते. घरच्यांच्या लेखी मग तो कामाचा कंटाळा ठरतो.

घराचा फोटो पाहून नळाला पाणी येते की नाही हे कळत नाही. एक्स-रेचे तसेच आहे. फुप्फुस दिसते कसे हे तो सांगतो, चालते कसे हे नाही. चालते कसे हे पाहण्याची साधी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री : खोल श्वास घ्यायचा आणि नळीत जोर लावून फुंकायचे. पण तिथेही उत्तर मिळते ते दोन्ही फुप्फुसांचे मिळून. कोणता भाग बंद पडला हे समजत नाही. शिवाय दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिकांचा आजार बराच वाढेपर्यंत आकडे ठीकठाक राहू शकतात.

मग एमआरआय का नको? मेंदू आणि मणका इतका सुरेख दाखवणारे हे यंत्र फुप्फुसापाशी मात्र अडते. एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश टिपतो आणि फुप्फुसात बहुतांश हवाच असते. कोट्यवधी वायुकोशांच्या भिंतींवर हवा आणि ऊती एकमेकींना भिडतात, तिथले चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि जो काही संदेश असतो तो एक-दोन मिलिसेकंदांत विरतो. त्यात छाती हलते, हृदय धडधडते. चित्रात उरतो काळोख.

यावर १९९४ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वेगळीच वाट काढली. ऊतीऐवजी हवेचेच चित्र घ्यायचे. झेनॉन-१२९ या वायूच्या अणूंना लेझरच्या साहाय्याने असे एका दिशेला लावायचे की त्यांचा संदेश हजारो पटींनी वाढतो. पहिले चित्र उंदराच्या फुप्फुसाचे होते. पुढे काही वर्षे हेलियम-३ वापरला गेला. पण तो मिळतो ट्रिटियमच्या ऱ्हासातून, म्हणजे मुळात दुर्मीळ, म्हणून संशोधक झेनॉनकडे परतले. रुग्णाने पिशवीतला वायू ओढून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा. हवा पोहोचली तो भाग उजळतो, अडली तो काळा राहतो. क्ष-किरण नसल्याने ही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये तिला परवानगी दिली.

झेनॉनचा खरा गुण याच्याही पुढचा आहे. तो वायुकोशाच्या पातळ भिंतीत विरघळतो, तिथून रक्तपेशींत शिरतो आणि प्रत्येक ठिकाणी थोड्या वेगळ्या सुरात बोलतो. त्यामुळे हवा पोहोचूनही रक्तात उतरत नाही, हा दोष पकडता येतो. ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या संशोधकांना कोविडनंतर धाप लागणाऱ्या, पण सीटी स्कॅन जवळपास स्वच्छ असलेल्या काही जणांत नेमके हेच दिसले. रुग्ण थोडे होते. तरी ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून थकलेल्यांना त्याचे मोल कळेल.

ही सोय वाशीमला लवकर येईल असे मानण्यात अर्थ नाही. वायू महाग, त्याला सिद्ध करणारे यंत्र वेगळे, कॉइलही वेगळी. जास्त आशा दुसऱ्या वाटेवर आहे. जर्मनीत हायडेलबर्ग आणि हॅनोव्हरला विकसित झालेल्या पद्धतीत रुग्ण नेहमीसारखा श्वास घेत पडून राहतो आणि साधा एमआरआय भराभर चित्रे घेतो. श्वास सोडताना फुप्फुस किंचित उजळते, घेताना मंदावते. रक्ताच्या ठोक्याचीही खूण उमटते. संगणक या दोन लयी वेगळ्या करून हवेचा आणि रक्ताचा असे दोन नकाशे बनवतो. वायू नको, सुई नको. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पुढेमागे अशा ठिकाणी जमण्यासारखे काही असेल तर हे.

तोवर त्या बाईचे काय? पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लक्ष वेधले होते की सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेटचा आजार नाही, चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ, जुना क्षयरोग हीसुद्धा कारणे आहेत. देशात २०१६ मध्ये सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. अशा बाईला एमआरआयची चिठ्ठी देण्याआधी स्पायरोमेट्री हवी, बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटांची चाल हवी. हिमोग्लोबिन आणि हृदय तपासायला हवे, कारण आपल्याकडे बायकांची धाप कित्येकदा रक्तक्षयाची निघते. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकीची तपासणी टाळू नये. निदान दम्याचे किंवा सीओपीडीचे झाले तर ‘पंपाची सवय लागते’ ही भीती बाजूला ठेवावी.

स्पायरोमेट्रीला जाताना पोट गच्च भरलेले नसावे, कपडे सैल असावेत. पंप चालू असेल तर चाचणीआधी तो किती तास घ्यायचा नाही हे आधीच विचारून घ्यावे. फुंक अर्ध्यात सोडू नये. हवा संपली असे वाटल्यावरही तंत्रज्ञ थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहावे.