कादंबरीतल्या आरोपीला वकील नसतो

चळवळीतल्या माणसाच्या पिशवीत थ्रिलर सापडली की बैठकीतले कोणी ना कोणी ज्येष्ठ विचारतातच, ‘वकीलसाहेब, हे काय वाचता?’ वाचन म्हणजे वैचारिक वाचन, बाकी सारे रिकामटेकड्यांचे उद्योग, असे समीकरण आपल्याकडे पक्के बसले आहे. मला ते मान्य नाही. न्यायालयात आपले प्रकरण पुकारले जाईपर्यंत जो वेळ जातो, त्यात मी गेली वीस वर्षे गुप्तहेर, पाठलाग आणि सत्तेच्या कारस्थानांच्या कादंबऱ्या वाचत आलो आहे आणि आवडीने वाचतो. ज्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपतात, ज्यांच्यावर चित्रपट आणि मालिका निघतात, ती पुस्तके राज्य, कायदा आणि शत्रू यांविषयी वाचकाच्या डोक्यात काय पेरतात, हे तपासायचे कोणी? प्रस्थापित समीक्षक ते करणार नाहीत. त्यांच्या लेखी हे साहित्यच नव्हे.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक त्याच वाटेने गेले. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास तर वकीलच होता. आमच्या पिढीतल्या काही जणांनी काळा कोट घातला त्यात त्याचाही थोडा हात असेल. पण आज मला बोलायचे आहे ते इंग्रजीतून येणाऱ्या नव्या कादंबऱ्यांविषयी.

फ्रेडरिक फोर्सिथ जून २०२५ मध्ये वारले. त्यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ची. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांचा खून होणार नाही, हे वाचकाला आधीच ठाऊक असते, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. का? कारण त्यातला लबेल हा बायकोच्या धाकातला साधा तपास अधिकारी कागदावर काम करतो. हॉटेलातल्या नोंदणीची कार्डे, पासपोर्टचे अर्ज, रात्रीबेरात्री केलेले फोन. मेलेल्या बालकाचा जन्मदाखला काढून त्यावर पासपोर्ट मिळवण्याची मारेकऱ्याची युक्ती इतकी खरी होती की इंग्लंडमध्ये त्या पळवाटेला या कादंबरीचेच नाव पडले. त्यात एका अंगरक्षकाचा छळही आहे. माणूस त्यात मरतो. फोर्सिथ ते लपवत नाहीत, पण त्याला शौर्यही म्हणत नाहीत. शेवटी गोळी सुटते हे खरे. परंतु तिथपर्यंत नेतात ते कागद.

नव्या पुस्तकांत हाच कागद खलनायक झाला आहे. व्हिन्स फ्लिन यांचा नायक मिच रॅप घ्या. फ्लिन २०१३ मध्ये गेले, पण रॅप मेला नाही. आधी काइल मिल्स आणि मग डॉन बेंटली यांनी तो चालू ठेवला. रॅपचे शत्रू दोन. एक दहशतवादी, आणि दुसरा नियम सांगणारा माणूस. मग तो सिनेटर असो, पत्रकार असो की वकील. २००८च्या ‘एक्स्ट्रीम मेझर्स’मध्ये रॅपला सिनेटच्या समितीपुढे यावे लागते. प्रश्न विचारणारे पोकळ, उत्तर देणारा खरा देशभक्त, अशी ती सारी मांडणी आहे. ज्याने कधी उलटतपासणी घेतली आहे त्याला ते वाचताना हसू येते, कारण साक्षीदाराला एकही अडचणीचा प्रश्न लेखकाने विचारू दिलेला नाही.

जॅक कार हे स्वतः अमेरिकी नौदलाच्या सील पथकातले. त्यांची ‘द टर्मिनल लिस्ट’ २०१८ साली आली आणि २०२२ मध्ये तिच्यावर मालिका निघाली. संरक्षण खात्याने तपासणीत ज्या ओळी खोडायला लावल्या, त्या त्यांनी काळ्या पट्ट्यांसह तशाच छापल्या. युक्ती झकास आहे. वाचकाला वाटते, आपण सरकारी फाइलच वाचतो आहोत. पथकातले साथी मारले जातात, नायकाची गरोदर बायको आणि लहान मुलगी मारली जाते, त्याला स्वतःला मेंदूत गाठ निघते. तो गुन्हेगारांची यादी करतो आणि एकेक नाव पुसत जातो. वेग, शस्त्रांची माहिती, दुःखाचा पीळ, सारे काही अस्सल. मी हे पुस्तक एका रात्रीत संपवले. यादीत नौदलाचा एक वकीलही आहे, हे वाचून गंमत वाटली.

या पुस्तकांची खरी मेख कुठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. आरोपी दोषी आहे हे लेखकाला आधीच माहीत असते. तोच ते ठरवतो. वाचकालाही तो ते आधीच दाखवून ठेवतो. म्हणून नायक ज्याची बोटे मोडतो तो नेहमी योग्यच माणूस असतो आणि मिळालेली माहिती नेहमी खरीच निघते. न्यायाधीशाला ही सोय नसते. समोरचा माणूस तोच आहे का, हाच तर तिथे सारा प्रश्न असतो.

प्रत्यक्षात काय झाले याची नोंद आहे. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीने डिसेंबर २०१४ मध्ये सीआयएच्या कोठड्यांविषयीच्या अहवालाचा सारांश जाहीर केला. ज्ञात असलेल्या ११९ कैद्यांपैकी किमान २६ जणांना चुकीने डांबले होते, आणि छळ हे माहिती मिळवण्याचे प्रभावी साधन ठरले नाही, असे समितीने नोंदवले. त्या २६ जणांत खालिद अल मसरी हा जर्मन नागरिक होता. २००३च्या अखेरीस मॅसिडोनियाच्या सीमेवर त्याला पकडले, सीआयएच्या हवाली केले आणि अफगाणिस्तानात नेऊन डांबले. कारण? नावातले साम्य आणि पासपोर्ट खोटा असल्याचा संशय. पासपोर्ट खरा निघाला. मे २००४ मध्ये त्याला अल्बेनियातल्या एका रस्त्यावर सोडून दिले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये मॅसिडोनियाला दोषी धरून ६०,००० युरोंची भरपाई द्यायला लावली. मिच रॅपच्या एखाद्या पुस्तकात हा माणूस आला असता, तर तिसऱ्या प्रकरणातच गप्प झाला असता. जॉन ल कारे यांनी मात्र अशाच माणसांवर ‘अ मोस्ट वॉन्टेड मॅन’ २००८ मध्ये लिहिली. हॅम्बुर्गमधली ॲनाबेल रिश्टर ही तरुण वकील आपल्या अशिलाला कायद्याच्या वाटेने सोडवू पाहते, आणि शेवटी तिच्या डोळ्यांदेखत त्याला गाडीत कोंबून नेतात. तिथेच पुस्तक संपते. बाररूममध्ये मी ज्यांना ज्यांना ते दिले, त्यांनी ‘शेवट नीट नाही’ म्हणून परत केले.

आपल्याकडेही हे पीक आले आहे. हुसेन झैदी यांची ‘मुंबई ॲव्हेंजर्स’ २०१५ची. तिच्यावर त्याच वर्षी ‘फँटम’ हा चित्रपट आला. २६/११च्या सूत्रधारांना शोधून परदेशात जाऊन मारणारे पथक, असा विषय. झैदी हे मुंबईच्या गुन्हेगारीवर वर्षानुवर्षे बातमीदारी केलेले लेखक, त्यामुळे तपशील भक्कम आहेत. सूत्रधार सीमेपलीकडे मोकळे फिरतात याची चीड कोणाला नाही? परंतु २६/११चे एक खरे पुस्तक सत्र न्यायालयात लिहिले गेले, ते आपण वाचले का?

तो खटला चालू नये, कसाबला वकील मिळू नये, अशी तेव्हा हवा होती. काही वकिलांनीही तसे ठराव केले. खटला चालला. मे २०१० मध्ये न्यायाधीश ताहिलियानी यांनी कसाबला फाशीची शिक्षा दिली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. पण त्याच निकालात दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, आणि त्यांची सुटका वरच्या न्यायालयांतही टिकली. त्यांनी हल्ल्याच्या जागांचे नकाशे पुरवले, असा आरोप होता. एका मृत हल्लेखोराच्या खिशात नकाशा सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. कपडे रक्ताने भिजलेले आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही! न्यायालयाने तो पुरावा मानला नाही. सारा देश फाशी मागत असताना एका न्यायाधीशाने कागदाचा तुकडा उजेडात धरून पाहिला. यापेक्षा थरारक प्रसंग मी कुठल्याही थ्रिलरमध्ये वाचलेला नाही. कथेतले पथक असते तर कसाबही मेला असता आणि हे दोघेही, आणि वाचकाने तिघांसाठी सारख्याच टाळ्या वाजवल्या असत्या.

टाळ्या ही उपमा नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. माजी न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने चौकशी केली. गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाला आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा निष्कर्ष २०२२ मध्ये पुढे आला. त्या दिवशी फुले आणली नाहीत.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत नवे कलम १५-अ मांडले, तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. थ्रिलरच्या नायकाला ही चोवीस तासांची अट जाचते. ज्यांच्या वस्तीत पोलिसांची गाडी रात्री येते, त्यांना तिचा अर्थ वेगळा कळतो.

आणखी एक गोष्ट मी हल्ली वाचताना मोजतो: बिननावाचे किती मेले? मार्क ग्रीनी यांची ‘द ग्रे मॅन’ २००९ची. २०२२च्या तिच्या चित्रपटात आपला धनुषही होता. नायकामागे डझनभर देशांतली मारेकऱ्यांची पथके लागतात. नायकाच्या प्रत्येक जखमेची नोंद आहे. मरणारे मात्र नुसते ‘लिबियन’, ‘बोलिव्हियन’, ‘कझाक’. देश हेच त्यांचे नाव. मारामारीची वर्णने लिहिण्यात ग्रीनींचा हात धरणारा आज क्वचितच कोणी असेल, म्हणूनच हे लक्षात येत नाही.

उलट दिशेने लिहिणाऱ्याही आहेत. स्टेसी एब्रम्स या जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय नेत्या आणि वकील. गव्हर्नरपदाची निवडणूक त्या २०१८ आणि २०२२ मध्ये हरल्या. त्यांच्या ‘व्हाइल जस्टिस स्लीप्स’मध्ये (२०२१) सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कोमात जातात आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण लिपिक वकिलावर सारी जबाबदारी येते. प्रकरण अमेरिकी आणि भारतीय जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या विलीनीकरणाचे. बुद्धिबळाची कोडी ओढूनताणून आणली आहेत, संवाद लाकडी आहेत. तरी कायद्याचे कलम हे हत्यार म्हणून वापरणारी नायिका मला यादी पुसणाऱ्या नायकापेक्षा जास्त खिळवून ठेवते.

या साऱ्यांत उजवी लॉरेन विल्किन्सन यांची ‘अमेरिकन स्पाय’ (२०१९). एफबीआयमधली मारी मिचेल ही कृष्णवर्णीय स्त्री. कार्यालयात तिला पुढे येऊ देत नाहीत. पण बुर्किना फासोचे अध्यक्ष थॉमस सांकारा यांच्याजवळ पोहोचायला हवी तेव्हा तिची आठवण होते. ज्या माणसाविरुद्ध तिला वापरायचे, त्याचे विचार तिला पटू लागतात. हे सारे ती आपल्या जुळ्या मुलांना पत्रातून सांगते. पाठलाग आहे, गोळी आहे, आणि प्रत्येक मेलेल्या माणसाला नाव आहे. सांकारा यांची हत्या १५ ऑक्टोबर १९८७ रोजी झाली. त्या खटल्याचा निकाल ६ एप्रिल २०२२ रोजी लागला. माजी अध्यक्ष काँपाओरे यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप झाली. मिच रॅपची जातकुळी मराठीत आणणाऱ्या प्रकाशकांपैकी कोणी हे पुस्तक अनुवादाला घेणार असेल, तर त्यातल्या कायद्याच्या शब्दांसाठी मी विनामूल्य बसायला तयार आहे.